कुणाच्या नावावर थांबली

गरम तळलेली मांडाझी कागदात गुंडाळता गुंडाळता आमच्या खिडकीखाली बसणारी मिन ओब्येरो, म्हणजे ओब्येरोची आई, म्हणाली, "झालं गं बाई एकदाचं! तुझ्या लेकीनं नाव घेतलं म्हणायचं." मी पुढे केलेला हात तसाच राहिला. कागदाला तेल सुटून तो पारदर्शक होत चालला होता, आणि पलीकडलं काही दिसणार असल्यासारखी मी त्याच्याकडे बघत राहिले. "काय चिवट नवरा आहे तुझा," ती पुढे म्हणाली. "दीड आठवडा झाला असेल. वरच्या खिडकीतून ऐकत होते ना मी. एकेका मेलेल्याला हाक मारून उठवत होता. पोर आपलं केकाटतंय, केकाटतंय, आणि एकदम गप्प! म्हटलं, आलं बाई कोणीतरी. नाव मात्र ऐकू आलं नाही, तेलात नेमका घाणा टाकलेला. कोण गं आलंय?" मी हसले. मला ठाऊक नाही, असं म्हटलं असतं तर माझ्या घरातली गोष्ट मलाच ठाऊक नाही हे दुपारपर्यंत कोंडेलेच्या सगळ्या बाजाराला कळलं असतं. "सांगेन की सवडीनं," मी म्हणाले, आणि तो गरम कागद छातीशी धरून रस्त्याला लागले.

दीड आठवडा. म्हणजे दहा-अकरा दिवस तो माझ्यासमोर जेवला, झोपला, पाण्याच्या बिलाबद्दल बोलला, आणि हे बोलला नाही. आमची मुलगी पहाटे झाली म्हणून तिचं नाव अमोंडी. ते वेळेचं नाव, ते कुणालाही देता येतं. दुसरं नाव घरातल्या कुणा मेलेल्याचं असतं आणि ते आपण देत नाही, ते यावं लागतं. कधी ते कुणाच्या स्वप्नात येतं. नाहीतर पोर थांबेचना अशी रडायला लागली की घरातल्या मेलेल्यांची नावं एकेक करून घ्यायची. ज्या नावावर ती थांबेल, ते माणूस परत आलं. मी प्राणिशास्त्रात पदवी घेतलेली बाई, मला त्याचं हसू यायचं. पण हसू येणं वेगळं आणि अंगावरून उतरवून टाकणं वेगळं. मी नवऱ्याला, ओतियातोला, एवढंच म्हटलं होतं, कर काय करायचं ते, पण मी घरात असताना कर. तो "हो" म्हणाला होता. मटाटूच्या छोट्या बसमध्ये बसल्यावर मला त्याचा तो "हो" आठवला, तो म्हणताना त्याचं तोंड कुठल्या बाजूला होतं तेही आठवलं. खिडकीकडे. शेजारच्या माणसाच्या मांडीवर एक जिवंत कोंबडी होती आणि ती एका डोळ्यानं माझ्याकडे बघत होती. नाव मला तोवर कळलेलं होतं. कुणी सांगायची गरज नव्हती. आदेडे.

आदेडे म्हणजे ओतियातोची पहिली बायको. मी यायच्या चार वर्षं आधी तापानं गेली. तिची कबर सासरच्या अंगणात आहे, डाव्या बाजूला, आणि पहिल्यांदा त्या घरी गेले तेव्हा त्या कबरीवर कुणीतरी शेंगा वाळत घातल्या होत्या, ते पाहून मला हायसं वाटलं होतं. म्हटलं, चला, ती आता रोजच्या वापरातली झाली आहे. तिला मूल झालं नाही. मूल न होता गेलेली बाई परत यायला कोणतं घर शोधेल, हे कळायला पदवी लागत नाही. आणि आली असेल तर माझ्याच मुलीत, माझ्या दुधावर वाढत, माझ्या नवऱ्याच्या हातावर झोपत. मी संध्याकाळी घरी जाते तेव्हा अमोंडी माझ्याकडे जरा वेळ परक्यासारखी बघते. तीन महिन्यांची रजा संपून मी कामावर जायला लागल्यापासून बघते. सगळ्याच पोरी बघतात, असं दवाखान्यातली परिचारिका म्हणाली होती. तेव्हा मला ते पटलं होतं.

संग्रहालयाच्या मागच्या खोलीत माझं काम असतं. बेटावरच्या खोदकामातली माती तिथेच धुऊन चाळतात, आणि चाळणीवर उरलेलं पोत्यांतून आमच्याकडे येतं. ते ताटात मूठमूठ पसरायचं आणि भिंगाखाली कुंचल्यानं निवडायचं. दगड एकीकडे, माशांचे काटे एकीकडे, उंदीर-घुशींचे दात एकीकडे. पक्ष्यांचं क्वचित काही येतं. पक्ष्यांची हाडं पोकळ, ती टिकत नाहीत. गेल्या महिन्यात माझ्या ताटात एक तुकडा आला होता, काडेपेटीच्या काडीच्या निम्मा, पंखातल्या पुढच्या हाताच्या हाडाचा. हे हाड एरवी काडीसारखंच गोल असतं. हे चपटं होतं, सुरीच्या पात्यासारखं रुंद. म्झे वेरेंनी, आमच्या खोलीच्या म्हाताऱ्या प्रमुखांनी, ते उलटसुलट करून पाहिलं होतं आणि पाणकोंबड्यांच्या खणात ठेवलं होतं. मला ते पटलं नव्हतं. मांडाझी न खाता मी तो खण उघडला आणि ते हाड पुन्हा कापसावर काढून ठेवलं. खाडीतल्या जलपर्णीत मरून पडलेल्या एका कमळपक्ष्याचा आख्खा सांगाडा आमच्याकडे आहे. त्याच्या हाताचं हाड शेजारी ठेवलं. तेही पात्यासारखं. नराचं. कमळपक्ष्यात मादी अंडी घालते आणि जाते. दुसरं पाणी, दुसरा नर. अंडी उबवतो तो नर, पिल्लं सांभाळतो तो नर, आणि धोका दिसला की पिल्लांना पंखाखाली घेऊन उठतो. तेव्हा दोन्ही बाजूंनी नुसती पिल्लांची लांब बोटं लोंबत असतात. हे रुंद हाड त्याच कामाचं, असं म्हणतात. पोरं उचलून धरायचं हाड.

"पुन्हा तेच काढलंस?" म्झे वेरे मागे येऊन उभे होते. ते रबरी चपला घालतात, त्यांची चाहूल लागत नाही. हे मी पहिल्याच आठवड्यात ध्यानात ठेवलेलं होतं, तरी दचकले. "पोरी, तुला ते कमळपक्ष्याचंच हवंय, म्हणून ते तसं दिसतंय." मी म्हटलं, "म्झे, दिसतंय म्हणून म्हणतेय." ते खुर्ची ओढून बसले. "दिसण्यानं या पक्ष्यात भल्याभल्यांना फसवलंय. इतकी लांब बोटं पाहिली आणि जुन्या लोकांनी याला पाणकोंबड्यांच्या घरात घातलं. अरे, पानांवरून चालायचं म्हटल्यावर कुणाचीही बोटं लांब होतील! ते काम झालं, ते नातं नव्हे. पुढे हाडं तपासली तेव्हा कळलं, हा टिटव्यांच्या, पाणलाव्यांच्या गोतातला. आणि याच्या जुन्या पिढ्यांचं काय मिळालंय आपल्याला? मिसरच्या वाळवंटात, पूर्वी दलदल होती तिथे, तीन कोटी वर्षांपलीकडल्या तीन जाती. त्या तिघींचा मिळून पुरावा काय, तर पायाच्या हाडांची टोकं. बाकीचा पक्षी आपल्या डोक्यात." मी विचारलं, "मग तुम्ही तरी पाणकोंबडीत का ठेवलंत?" ते हसले. त्यांचे पुढचे खालचे दात जुन्या रिवाजाप्रमाणे काढलेले आहेत, हसताना तिथे अंधार दिसतो. "कुठेतरी ठेवायला हवं ना! एका हाडावर नाव देऊ नये. दुसरं मिळेपर्यंत कळ काढ. उद्या होडी जातेच आहे बेटावर, तू आहेसच. शोध दुसरं."

दुसरं हाड. मी ताट पुढे ओढलं, कुंचला घेतला, आणि माझ्या लक्षात आलं की माझ्याकडे दुसरं आहे, तिसरंही आहे. नुसती नीट मांडलेली नाहीत. पहिलं म्हणजे ही होडी. ओतियातो स्वतः होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा माणूस. जलपर्णीनं खाडी बंद केली, संग्रहालयाची मोठी होडी सोडली तर बाकी होड्या किनाऱ्याला कुजत पडल्या आणि तो घरी बसला, म्हणून तर मूल त्याच्याकडे. पाण्याला तो कधी भ्यायला नाही. आणि गेला आठवडाभर म्हणतोय, बेटावर जाऊ नकोस, या वेळी नको, कारण विचारलं तर इंजिन जुनं आहे म्हणतो; ते इंजिन त्यानंच जोडलेलं. मी घरात असावं असं त्याला वाटत असेल, तर ते कुणासाठी? की पोर रडली तर गप्प बसवायला दूध हाताशी हवं, एवढ्यापुरतंच? दुसरं हाड म्हणजे सासूबाई. आमच्यात आई मुलाच्या घरात रात्री झोपत नाही; ती सकाळच्या मटाटूनं येते, नातीला मांडीवर घेते, पाचच्या गाडीनं परत जाते. आधी महिन्यातून एकदा यायची. या दहा दिवसांत तीनदा आली. वाळवलेली ओमेना मासळी घेऊन येते, मी उगालीच्या, मक्याच्या घट्ट गोळ्याचा घास मोडते तेव्हा माझ्या हाताकडे बघत बसते, तोंडात गेलेला घास घशाखाली उतरेपर्यंत बघते. शुक्रवारी तिनं विचारलं, "न्यार असेंबो, स्वप्नात कोणी येतं का गं तुझ्या?" माझं माहेर असेंबोचं, म्हणून मी तिच्या तोंडी असेंबोची लेक. मी म्हटलं, "नाही बाई." तर तिनं सुस्कारा टाकला. ती कुणाची वाट बघत होती? आणि तिसरं. हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं, कुंचला हातात असताना, आणि माझे कान गरम झाले. दहा दिवसांत ओतियातोनं माझं नाव घेतलेलं नाही. पूर्वी तो जिन्याखालून बोंब मारायचा, "अविनो! किल्ली टाक!" सगळी चाळ हसायची. आता खालून शीळ घालतो. घरात "ऐक," म्हणतो, "मिन अमोंडी," म्हणतो, एकदा तर नुसतं "तू," म्हणाला. माणूस ज्या नावाला विटतो ते आधी त्याच्या जिभेवरून जातं. तिथे दुसरं कुणीतरी बसलेलं असतं.

मी पूर्ण पक्षी उभा केला. पायाच्या एवढ्याशा टोकावरून तज्ज्ञ करतात तसा, पिसांसकट. नवरा दुपारी खिडकीपाशी बसला आहे, आदेडे त्याच्या हातावर झोपली आहे, सासू तिच्या टाळूवर फुंकर घालते आहे आणि तिघं मिळून माझी वाट बघताहेत: दूध घेऊन येणारी, पैसे घेऊन येणारी, पुन्हा जाणारी. अंडी घालून जाणारी मादी. मला कळत होतं की मी हे डोक्यातून काढते आहे. तरी हाडं खरी होती. घड्याळात दोन वाजले होते. म्झे वेरेंना म्हटलं, पोटात दुखतंय. ते म्हणाले, "जा, जा. उद्या मात्र सातला धक्क्यावर हवीस." मी निघाले.

जिना मी हळू चढले. चपला हातात घेतल्या, हेही सांगते. दाराशी उभी राहून ऐकलं. आत सासूबाईंचा आवाज. शुक्रवारी येऊन गेलेली बाई मंगळवारी पुन्हा माझ्या घरात. मी दार ढकललं. ओतियातो जमिनीवर बसून मुलीचे लंगोट घडी करत होता. अमोंडी चटईवर झोपलेली, मुठी डोक्याच्या दोन्ही बाजूंना. माझ्या हातातल्या चपलांकडे दोघांनी पाहिलं.

"आज लवकर?" तो म्हणाला.

"का? वेळ सांगून यायला हवं?"

"ये गं, न्यार असेंबो, बस," सासूबाई म्हणाल्या. "तोंड बघ कसं झालंय, ओमेना उन्हात टाकल्यासारखं. जेवलीस का? डोकं दुखतंय? अंग बघू." त्यांनी खरंच उठून माझ्या मानेला हात लावला. मी मान मागे घेतली.

"आई, माझं अंग राहू द्या. पोर कुणाच्या नावावर थांबली?"

लंगोट घडी करणारे हात थांबले. "तुला कुणी सांगितलं?" ओतियातोनं विचारलं.

"म्हणजे थांबली."

"त्या मांडाझीवालीच्या कानात तिचंच तेल ओतायला हवं," सासूबाई पुटपुटल्या.

"मी नसताना नावं घ्यायची नाहीत असं ठरलं होतं. तू हो म्हणाला होतास. का घेतलीस, तेही मला माहीत आहे. आदेडे ना? सांग ना तोंडानं. तिच्या नावावर थांबली ना?"

ओतियातोनं माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलणाऱ्याचा चेहरा मला ओळखता येतो, निदान मला तसं वाटतं. हा चेहरा मला ओळखता येईना. आदेडे कोण, हे आठवायला त्याला वेळ लागत होता असं वाटलं. "आदेडे?" तो म्हणाला. "तिचं तर अगदी सुरुवातीला घेतलं. तिच्या नावावर पोर आणखी चेकाळली."

"ती कशाला येतेय!" सासूबाई म्हणाल्या. "जिवंत होती तेव्हा कुणाचं पोर मांडीवर दिलं तर नाक मुरडायची. देव तिचं भलं करो, झोप मात्र गाढ लागायची तिला. आताही झोपलीच असेल."

"मग कोण?"

सासूबाईंनी पदराच्या गाठीशी चाळा सुरू केला. मी अमोंडीपाशी जाऊन उभी राहिले, दोघांच्या आणि तिच्या मधे.

"सकाळपासून रडत होती," ओतियातो जमिनीकडे बघत बोलू लागला. "तू सांगितलेलं पाळत होतो. दोन तास पाळलं. मग ती निळी पडायला लागली, खरंच निळी, ओठ असे. मी घाबरलो आणि सुरुवात केली. आजोबा, त्यांचे भाऊ, आत्या, बुडून मेलेला काका, सगळे. तेवीस नावं घेतली. तुझ्या माहेरचीही घेतली, जेवढी माहीत होती तेवढी. संपली. एकही राहिला नाही. पोर थांबेना. मग मी..." त्यानं घडी घातलेला लंगोट पुन्हा उलगडला. "मग मी तुला हाक मारली. नाव म्हणून नव्हे. आगीत सापडलेला माणूस मारेल तशी. ये म्हणून. त्याच दमात तोंडातून गेलं."

"आणि?"

"आणि ती थांबली."

खाली कुणीतरी हंडा आपटला. मला आधी हसूच आलं. इतकं मोकळं हसू की ते तोंडाबाहेर पडलं, आणि सासूबाई दचकल्या. "हसतेस काय!" त्या म्हणाल्या. "मेलेल्यांच्या रांगेत जित्या माणसाला नेऊन उभं केलं या गाढवानं! चोविसावी! आणि पोरीनं तुलाच ओळखलं. जिवंत माणूस कसं परत येईल गं? आधी जायला हवं ना! मी काय तुझे घास मोजायला येत होते? तू गिळतेस की नाही ते बघत होते. त्याला म्हटलं, तोंडातून पुन्हा तिचं नाव काढू नकोस, चाळीस दिवस काढू नकोस, तिकडच्यांना ऐकू जाईल. आणि पाण्यावर पाठवू नकोस."

माझं हसू अर्ध्यावर राहिलं. मी उभा केलेला पक्षी एका क्षणात पडला, त्याचं एकही हाड जागेवर नव्हतं. आणि तीच हाडं, होडी, घास, न घेतलेलं नाव, माझ्या डोळ्यांदेखत उठून दुसऱ्या तऱ्हेनं जुळायला लागली. या वेळी मधे मी होते. त्या दोघांनी दहा दिवस मला मरताना पाहिलं होतं. रोज सकाळी मी जिना उतरले तेव्हा पाहिलं होतं. रात्री ओतियातोचा हात माझ्या बरगड्यांवर असायचा तो कशासाठी, हे आता मला विचारायचं नव्हतं. मी शिकलेली आहे. मूल रडताना श्वास घ्यायला थांबतं, हे मला ठाऊक आहे. दमलं की झोपतं, हेही. तेविसाव्या नावावर नाही दमलं, चोविसाव्यावर दमलं. एवढंच. पण काल रात्री घशात काही अडकल्यासारखं झालं होतं, ते मला आठवलं. आजही मानेत एक शीर उडत होती. ती आधीपासून उडत होती का?

"किती वेळ थांबली होती?" मी विचारलं.

"काय?"

"थांबली म्हणजे किती? दम घ्यायला, की कायमची?"

ओतियातोनं आईकडे पाहिलं. "मी लगेच तिला उचललं. घाबरलो ना. पंखाखाली घेतल्यासारखं घट्ट धरलं. मग झोपली."

"म्हणजे नावामुळे की उचलल्यामुळे, ते तुला माहीत नाही."

"मला एवढं माहीत आहे की थांबली."

"मग पुन्हा बघू. एकदाच्यावरून काही ठरत नाही."

"तोंड आवर!" सासूबाई ओरडल्या, आणि त्या ओरडण्यानं अमोंडी जागी झाली. तिनं आधी डोळे उघडले, मग ओठ काढला, आणि मग ते सुरू झालं, चार महिने ज्याला आम्ही सगळे भ्यायलो ते. आधी तारस्वर, मग मुठी, मग सगळं अंग. ओतियातो पुढे झाला. मी हातानं त्याला अडवलं. "कुणी उचलायचं नाही," मी म्हटलं. तो म्हणाला, "नको. मी पाया पडतो, नको." सासूबाईंनी कानांवर हात ठेवले, पण बोटं फाकवून, त्यांनाही ऐकायचं होतं.

मी तिच्यावर वाकले आणि माझं नाव घेतलं. अविनो. पहिल्यांदा नुसतं पुटपुटले. दुसऱ्यांदा मोठ्यानं घेतलं, बापाच्या नावासकट, असेंबोसकट, शाळेत हजेरीला देत असे तसं. अमोंडीनं श्वास आत ओढला. तिचं तोंड उघडं होतं आणि त्यातून आवाज येत नव्हता. मी मोजत होते. एक. दोन. ओतियातोचा हात माझ्या दंडावर आवळत गेला. तीन.

मग ती रडली. आधीच्याहून मोठ्यानं, रागानं, खालच्या बाजाराला ऐकू जाईल अशी. मी पुन्हा नाव घेतलं. ती रडतच राहिली. पुन्हा घेतलं. सासूबाई मटकन चटईवर बसल्या आणि म्हणाल्या, "रड गं माझे बाई, रड, फाड घसा." ओतियातो भिंतीला टेकून डोळे पुसत होता. माझ्या छातीतून दूध उतरून ब्लाउज भिजला होता, तिला जवळ घेतलं असतं तर ती त्या क्षणी गप्प झाली असती, आणि नावानं की दुधानं ते पुन्हा कळलं नसतं. मी घेतलं नाही. गुडघ्यांवर बसून, दोन्ही हात पाठीमागे धरून, मी तिला आणखी थोडं रडू दिलं.